उपमेची पारख

बाजारात मडके घेणारी गृहिणी प्रथम ते बोटांनी वाजवून पाहते. आवाज खणखणीत निघाला तर मडके पक्के. बद्द निघाला तर कोठेतरी तडा आहे, हे तिला न दिसताही कळते. माणसाची छातीही अशीच वाजवून पाहावी, हा विचार मात्र फार उशिरा सुचला.

ऑस्ट्रियातील ग्राट्स नगरीत १७२२ साली जन्मलेला लिओपोल्ड आउएनब्रुगर हा एका खाणावळवाल्याचा पुत्र. मद्य पिंपात कोठवर आहे हे पिंप वाजवून ओळखीत. त्यावरूनच त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. पोकळ पिंप घुमते, भरलेले बद्द वाजते. मग छातीत पाणी साचले असता तीही तशीच वाजेल काय? व्हिएन्नातील रुग्णालयात त्याने सात वर्षे रोगी तपासले, मृतदेहाच्या छातीत द्रव भरून आवाज पडताळला, आणि १७६१ साली लॅटिनमध्ये एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही डॉक्टर छातीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकतात, ती हीच विद्या.

येथे उपमेने वाट दाखविली. खरेखोटे पडताळ्याने ठरले. पडताळा सोडला तर तीच उपमा घात करते. मुलास जुलाब लागले की कित्येक घरांत म्हणतात, ‘गळक्या मडक्यात पाणी ओतून काय उपयोग?’ आणि त्याचे पाणी बंद करतात. परंतु मडके रिते झाले तर रितेच राहते. मूल मात्र पाण्यावाचून प्राणास मुकते. शिवाय जुलाब चालू असतानाही आतडे पाणी शोषीत असते, आणि साखर व मीठ मिळून ते पाणी आत ओढून घेतात.

१९७१ साली पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांच्या आप्तांकरवी तोंडाने पाजविले. शंभरांत सुमारे तीस दगावत होते, ते चारांहूनही कमी झाले.

तेव्हा मडक्याचीच उपमा घ्यावयाची असेल तर अशी घ्यावी: गळती थांबेपर्यंत, गळेल तितके ओतीत राहावे. औषधाच्या दुकानातील ओआरएसची पुडी उत्तम. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. मूल मलूल झाले किंवा पीतच नसेल, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

आपली मुले दिवसभर ‘हे त्याच्यासारखे दिसते’ असे म्हणत असतात. त्यांना गप्प बसवू नये. दोन प्रश्न मात्र अवश्य विचारावे: ते कोठे सारखे आहे, आणि कोठे सारखे नाही? पहिल्या प्रश्नाने बुद्धीला पंख फुटतात. दुसऱ्याने तिचे पाय जमिनीवर राहतात. थोरांनीही हे दोन प्रश्न स्वतःस विचारावे, अशी आमची विनंती आहे.