बिनकामाची धांवपळ

काम करणारा दमला तर त्याचें नवल कोणासच वाटत नाहीं. परंतु ज्याच्यापुढें कांहींच काम नाहीं तोच घामाघूम झालेला दिसला, म्हणजे विचारी मनुष्यानें तेथें थांबून कारण शोधलें पाहिजे. यंत्रांसही हाच न्याय लागू आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे व सुना हल्लीं संगणकाच्या व्यवसायांत आहेत. ही मंडळी अपरात्रीं उठून पडद्यापुढें बसतात, तेव्हां कशाच्या शोधांत असतात हें घरांतील वडीलधाऱ्यांसही कळावें, म्हणून एक घडलेलें उदाहरण आज सांगत आहों.

१ जुलै २०१२ रोजीं आपल्याकडे पहांटेचे साडेपांच वाजले, आणि देशोदेशींचे सर्व्हर एकाएकीं तापूं लागले. लिनक्सवर चालणाऱ्या, मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसचें, म्हणजे माहितीच्या कोठाराचें, काम करणाऱ्या यंत्रांस हा त्रास विशेष झाला. कोठारांत कोणी कांहीं मागत नाहीं, कोणी कांहीं ठेवीत नाहीं, आणि प्रोसेसर मात्र अखंड राबत आहे! जर्मनींतील हेट्झनर कंपनीनें आपल्या ग्राहकांस कळविलें कीं, त्या रात्रीं तिच्या केंद्रांतील विजेचा खप सुमारें एक मेगावॉटनें वाढला. एक किलोवॉटच्या हजार शेगड्या एकदम पेटवाव्या आणि वर भांडें एकही ठेवूं नये, अशांतला हा प्रकार.

कारण मोठें सूक्ष्म होतें. आण्विक घड्याळें अत्यंत नियमित चालतात. पृथ्वीचें स्वतःभोवतीं फिरणें तितकें नियमित नाहीं. या दोहोंचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून मधून मधून जगाच्या घड्याळांत एक सेकंद अधिक घालण्याची रीत पडली. चांद्र व सौर वर्षांचा मेळ घालण्यास आपण अधिक मास धरतों, तसाच हा अधिक सेकंद. त्या पहांटे घातलेला सेकंद पंचविसावा होता.

लिनक्सच्या मुख्य घड्याळानें तो मानला. परंतु निजलेल्या प्रोग्रामांस नेमल्या वेळीं जागें करणाऱ्या त्याच्याच दुसऱ्या विभागास ती वर्दी पोंचली नाहीं, व तो विभाग एक सेकंद पुढें राहिला. काम नसलें म्हणजे प्रोग्राम ‘अर्ध्या सेकंदानें उठीव’ असें सांगून निजतो. येथें उठविणाऱ्याच्या हिशेबीं तो अर्धा सेकंद केव्हांच उलटून गेलेला! त्यामुळें निजतांक्षणींच उठणें, काम नाहीं असें पाहणें, पुन्हां निजणें, पुन्हां उठणें, असा क्रम अविरत चालला. ही धांवपळ कामाची नव्हती. वाट पाहण्याची होती.

पुष्कळांनीं डेटाबेस बंद करून पुन्हां चालूं केला. गुण आला नाहीं, कारण दोष त्याचा नव्हताच. ‘डेट’ या आज्ञेनें यंत्रास त्याचीच वेळ पुन्हां एकदां सांगितली, कीं दोन्ही विभागांचा मेळ बसे आणि यंत्र शांत होई. सबंध यंत्र बंद करून चालूं केल्यानेंही गुण येई. पण तो काकतालीय न्यायानें. कारण कळत नसे, आणि त्याच्या खुणा मात्र पुसल्या जात.

म्हणून तरुणांस आमची सूचना अशी कीं, प्रथम ‘टॉप’ या आज्ञेनें कोण राबत आहे तें पाहावें. मग डेटाबेसला ‘शो प्रोसेसलिस्ट’ विचारून त्याच्यापाशीं कोणाचें काम खरोखर आहे काय याची खात्री करावी. नसेल, तर ‘एस-ट्रेस’ लावून तो वारंवार काय मागत आहे तें पाहावें. त्रास कोणत्या क्षणीं सुरू झाला, व शेजारच्या यंत्रांसही त्याच क्षणीं झाला काय, हेंही विचारावें. सर्वांस एकदम ताप आला, तर दोष एकट्याच्या प्रकृतींत नसतो. बंद करून चालूं करण्याचा उपाय हातचा आहे. तो शेवटीं ठेवावा.

२०३५ पर्यंत अधिक सेकंदाची ही रीत सोडण्याचा ठराव वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें २०२२ सालीं केला आहे. तो सेकंद जाईल. परंतु रिकामें यंत्र राबतांना दिसण्याचे प्रसंग राहतील, आणि तेव्हां ‘हें काय करीत आहे’ याबरोबरच ‘हें कशाची वाट पाहत आहे’ असेंही विचारावें लागेल.