कोश्चुश्को या आडनांवाचा अर्थ

आडनांवांचे अर्थ सांगणें हा सांप्रत एक धंदा होऊन बसला आहे. युरोपांत आणि विशेषतः अमेरिकेंत आपलें आडनांव कळवावें, मागितलेली रक्कम भरावी, आणि घरबसल्या त्याचा मूळ अर्थ, त्याचा ‘प्राचीन’ इतिहास आणि वर सोनेरी चौकटींत बसविलेलें एक कुलचिन्ह पदरांत पाडून घ्यावें, अशी सोय तेथें दीर्घकाळ चालू आहे. आडनांव जितकें विरळ तितकी या मालाला किंमत अधिक. कारण विरळ तें थोर असलेंच पाहिजे, अशी गिऱ्हाइकाची आधींच समजूत असते, आणि ती मोडण्याच्या फंदांत कोणता व्यापारी पडेल? पोलिश आडनांवांची या बाजारांत फारच विटंबना होते. याचें कारण उघड आहे. परदेशीं स्थायिक झालेल्या पोलिश माणसाच्या नातवाला आजोबांची भाषा येत नसते. त्याच्याजवळ उरतें तें केवळ एक उच्चारण्यास कठीण असें आडनांव. त्याचा अर्थ म्हणून कोणीं कांहींहि सांगितलें, तरी तो पारखून घेण्याचें साधन त्या बिचाऱ्याजवळ नसतें.

आमचें म्हणणें असें आहे कीं, आडनांवाचा अर्थ शब्दकोशांत सांपडत नाहीं, कागदपत्रांत सांपडतो. आणि जेथें कागदपत्र नाहींत तेथें गप्प बसणें हीच विद्वत्ता होय. हें तत्त्व नुसतें सांगून पटणार नाहीं, म्हणून एक प्रसिद्ध परंतु विरळ आडनांवच तपासूं.

तादेउश कोश्चुश्को हें नांव इतिहासाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. १७४६ सालीं मेरेचोव्श्चिज्ना येथें याचा जन्म झाला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत यानें साराटोगा व वेस्ट पॉइंट येथील तटबंदीची आंखणी केली. १७९४ सालीं पोलंडांतल्या उठावाचें नेतृत्व केलें. आणि १८१७ सालीं परमुलुखांत, स्वित्झर्लंडमधील सोलोथर्न गांवीं, त्याचा अंत झाला. आतां पोलिश शब्दकोश उघडून बसणाऱ्याला या आडनांवाचा अर्थ क्षणांत लागतो. ‘कोश्च’ म्हणजे हाड. तेव्हां कोश्चुश्को म्हणजे लहानसें हाड, किंवा हाडकुळा मनुष्य! व्युत्पत्ति किती सरळ, किती सुबोध! मात्र ती साफ चूक आहे.

या घराण्याचा मूळपुरुष कोन्स्तांती नांवाचा एक गृहस्थ होता. फ्योदोरचा हा पुत्र सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजा पहिला सिगिस्मुंड याच्या पदरीं होता आणि शेख्नोविचे हें गांव त्याच्याकडे होतें. लिथुआनियाच्या महासंस्थानांतला हा मुलूख. येथल्या दफ्तराची भाषा पोलिश नव्हे, रूथेनियन होती. त्या भाषेंत कोन्स्तांतीला लाडानें ‘कोस्त्युश्को’ म्हणत. आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू किंवा रघुनाथाचा रघू व्हावा, तसलाच हा प्रकार. पुढें घराणें पोलिश बोलूं लागलें, आणि त्या भाषेच्या नियमाप्रमाणें मृदु ‘त’चा ‘च’ झाला व त्याच्या शेजारचा ‘स’ ‘श’ झाला. कोस्त्युश्कोचा कोश्चुश्को झाला तो असा. हाडाशीं त्याचा संबंध आला तो या उच्चारांतल्या फरकानें, अर्थानें नव्हे. कोणी म्हणेल कीं, मग कोन्स्तांती या नांवाचा तरी अर्थ सांगा. तो लॅटिन आहे व ‘दृढ, स्थिर’ असा आहे. परंतु शेख्नोविच्यांत जिनें आपल्या लेकराला कोस्त्युश्को म्हणून हांक मारली, तिच्या ध्यानींमनींहि हा अर्थ नव्हता. पुढें वीराच्या चरित्रांत हा दृढपणा शोधून काढणें म्हणजे भाटगिरी झाली, व्युत्पत्तिशास्त्र नव्हे.

येथें आणखी एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हें घराणें आपलें नांव ‘कोश्चुश्को-शेख्नोवित्स्की’ असेंहि लावी. शेख्नोवित्स्की म्हणजे शेख्नोविचेकर. पोलिश भाषेंतला ‘-स्की’ किंवा ‘-त्स्की’ हा प्रत्यय मुळांत आपल्या ‘-कर’ प्रत्ययासारखाच आहे. तार्नूवचा यान तो यान तार्नोव्स्की. या जोडनांवाचा पहिला भाग गळून दुसरा राहिला असता, तर जगानें ज्याचे पुतळे उभारले तो वीर शेख्नोवित्स्की म्हणून ओळखला गेला असता. दोन्ही नांवें एकाच माणसाचीं, एकाच रक्ताचीं. एक आजोबाच्या लाडक्या नांवावरून आलेलें, दुसरें जमिनीवरून. यांतलें ‘खरें’ आडनांव कोणतें, हें या बाजारांतल्या अर्थकारांनीं आम्हांस सांगावें.

परंतु ‘-कर’ आणि ‘-स्की’ यांत एक भेद आहे, आणि सारी गफलत तेथेंच होते. आपल्याकडे गांवच्या कुळकर्ण्यापासून कुणब्यापर्यंत कोणीहि ‘-कर’ होऊं शके. पोलंडांत मात्र आरंभीं ‘-स्की’ लावी तो गांवाचा मालक. त्यामुळें हा प्रत्यय श्रेष्ठत्वाची खूण ठरला, आणि जें श्रेष्ठत्वाचें चिन्ह असतें त्याची नक्कल होतेच. व्यापारी, कारागीर व शेतकरी यांनींहि तो उचलला. आज देशांतल्या सर्वांत प्रचलित आडनांवांत नोवाक या पहिल्याच्या मागोमाग कोवाल्स्की येतें. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. नोवाक म्हणजे गांवांत नवा आलेला. लोहाराच्या पोराला ‘-स्की’ लागला म्हणून तो सरदार झाला, असें समजणारे लोक अद्याप आहेत, आणि त्यांच्या या समजुतीवरच वरील सोनेरी चौकटी खपतात.

ही नक्कल कांहीं अलीकडची नव्हे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत वालेर्यान नेकांदा त्रेप्का नांवाच्या एका सरदारानें आयुष्याचीं कित्येक वर्षें एकाच उद्योगांत घालविलीं. क्राकूवच्या आसपास कोण कोण खोटे सरदार म्हणून मिरवितात, त्यांची त्यानें वर्णानुक्रमानें यादी केली. अमका मुळांत चांभाराचा मुलगा, तमक्याचा बाप पिठाची गिरणी चालवी, यानें ‘-स्की’ कधीं लावला, त्यानें कोणत्या जत्रेंत स्वतःला सरदार म्हणविलें, असल्या गोष्टी खोदून खोदून विचाराव्या आणि टिपून ठेवाव्या! सुमारें अडीच हजार नांवें त्यानें गोळा केलीं. १६४० सालीं तो मेला. त्याचें हस्तलिखित छापलें गेलें तें १९६३ सालीं. ग्रंथाचें लॅटिन नांव लांबलचक आहे, पण तो ओळखला जातो तो ‘हामांचा ग्रंथ’ म्हणून. बायबलांतील नोहाचा पुत्र हाम हा शेतकऱ्यांचा मूळपुरुष, असें तेव्हांचे सरदार मानीत. आजहि पोलिश भाषेंत ‘खाम’ म्हणजे असभ्य मनुष्य. त्रेप्काच्या पोटांतला द्वेष पानोपानीं दिसतो, आणि त्याच्या प्रत्येक नोंदीवर कोणीं विश्वास ठेवूं नये. तथापि एवढें त्याच्या यादीवरून निर्विवाद ठरतें कीं, तीनशें-चारशें वर्षांपूर्वींच ‘-स्की’वरून कुळाची परीक्षा होईनाशी झाली होती. त्रेप्काला जी गोष्ट ठाऊक होती व जिनें त्याची झोंप उडाली होती, ती आजच्या नामार्थ-विक्रेत्यांना ठाऊक नसावी हें नवल नव्हे काय?

आतां कुलचिन्हाचें पाहूं. पोलंडांत ढालीवरचें चिन्ह एका आडनांवाचें नसतें. एकच चिन्ह परस्परांशीं नातें नसलेलीं कितीएक घराणीं वापरीत. उलट दोंब्रोव्स्कीसारखें एकच आडनांव निरनिराळ्या चिन्हांचीं घराणीं लावीत, कारण ओकांच्या राईवरून दोंब्रोवा नांव पडलेलीं गांवें देशभर आहेत. कोश्चुश्कोच्या घराण्याचें चिन्ह ‘तिसरा रोख’ या नांवाचें होतें. परंतु आज कोश्चुश्को आडनांवाचा कोणी गृहस्थ भेटला तर तें चिन्ह त्याचेंहि आहे, असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. कोस्त हें रूथेनियन खेड्यांतलें सामान्य नांव. त्याचा कोस्त्युश्को एकाहून अधिक गांवीं, एकाहून अधिक घरीं, स्वतंत्रपणें होऊं शकतो. शिवाय खुद्द तादेउशनें लग्न केलें नाहीं. त्याचा थेट वंशज म्हणविणारास एवढी एकच गोष्ट ऐकवावी.

प्रसाराच्या बाबतींतहि असाच गोंधळ आहे. काझिम्येश रिमुत या क्राकूवच्या भाषापंडितानें सरकारी लोकसंख्या-नोंदणीवरून तयार केलेला आडनांवांचा कोश १९९२ ते १९९४ या काळांत दहा खंडांत निघाला. त्यांत प्रत्येक आडनांव किती लोक लावतात आणि तेव्हांच्या एकूणपन्नास प्रांतांपैकीं कोठें किती, एवढेंच दिलें आहे. अर्थ दिलेला नाहीं. अर्थाचा ग्रंथ त्यानें निराळा केला. गणती एक आणि व्युत्पत्ति दुसरी, हा विवेक त्याच्याजवळ होता. त्याच्या कोशांत अवघ्या एका-दोघांचीं म्हणून जीं आडनांवें आहेत, त्यांतलीं कितीएक कारकुनाच्या लेखणीचीं अपत्यें आहेत. पोलिश लिपींत एकच उच्चार दोन प्रकारें लिहितां येतो. एक अक्षर चुकलें कीं नवें ‘दुर्मिळ’ आडनांव जन्मास आलें! परदेशांत तर विचारूंच नका. ‘-स्की’चें स्त्रीलिंगीं ‘-स्का’ होतें हें न कळल्यामुळें भाऊ-बहिणींचीं दोन कुळें झालेलीं आहेत. मिसिसिपी संस्थानांतल्या गांवाला कोश्चुश्कोचें नांव दिलें तें त्यांतला ‘झेड’ गाळून. पावेल स्त्शेलेत्स्की या पोलिश प्रवाशानें १८४० सालीं ऑस्ट्रेलियांतल्या एका शिखराचा आकार पाहिला. क्राकूवला कोश्चुश्कोच्या स्मरणार्थ रचलेला मातीचा उंचवटा त्याला आठवला, आणि त्यानें शिखरास तेंच नांव दिलें. २२२८ मीटर उंचीच्या, त्या खंडांतल्या सर्वांत उंच शिखराच्या नांवांतला गाळलेला ‘झेड’ सरकारीरीत्या परत आला तो १९९७ सालीं.

हा मनुष्य आमचाच, असें पोलंड, लिथुआनिया व बेलारूस हे तीनहि देश म्हणतात, आणि आडनांवाच्या रूपावरून भांडतात. त्याचें जन्मस्थळ आज बेलारूसमध्यें आहे. पूर्वेकडल्या याच सीमाप्रांतांतून १९४० सालापासून सोव्हिएत सत्तेनें हजारों पोलिश कुटुंबें हद्दपार केलीं. त्यांच्यापैकीं सुमारें पांच हजार माणसें, बहुतेक बायका व मुलें, इराणमार्गें येऊन १९४३ ते १९४८ पर्यंत आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडें येथें राहिलीं. सरहद्द सरकते, माणसें हांकललीं जातात, आडनांव तेवढें बरोबर येतें. त्या एकट्या शब्दावर राष्ट्राचा मालकीहक्क सांगणें किती पोकळ आहे, हें त्या निर्वासितांहून अधिक कोणाला कळलें असेल?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सौम्य वाटत असला तरी आम्हांला सर्वांत घातक वाटतो. लोकांची हौस आहे, भिंतीवर एक ढाल टांगली तर कोणाचें काय बिघडलें? बिघडलें तें असें. पोलंडांत सरदारवर्ग शेंकडा आठ-दहा होता. बाकीची बहुसंख्य प्रजा जमिनीला जखडलेली होती. धन्याच्या शेतांत वेठीचे दिवस भरावयाचे, त्याच्या परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं. ही दास्यपद्धति प्रशियाच्या भागांत १८०७ सालीं जावयास लागली, ऑस्ट्रियाच्या भागांत १८४८ सालीं गेली, आणि रशियाच्या ताब्यांतल्या पोलिश राज्यांत १८६४ पर्यंत पुरती गेली नाहीं. आज ‘-स्की’ म्हणविणारांचे पणजे-खापरपणजे बहुतांशीं हे लोक होते. त्यांच्या नातवाला ढाल विकणें म्हणजे त्याच्या खऱ्या पूर्वजांना घरांतून बाहेर काढणें होय. आणि तेंहि त्यांना राबविणाऱ्या धन्याची तसबीर त्यांच्या जागीं टांगून.

कोश्चुश्कोच्याच उठावांतलें उदाहरण पहा. १७९४ च्या ४ एप्रिलला रात्स्वावित्सेच्या लढाईंत कोयते सरळ करून भाल्यासारखे धरलेले शेतकरी रशियन तोफखान्यावर धांवून गेले. त्यांतल्या वोय्चेख बार्तोश नांवाच्या कुळानें पेटलेली तोफेची वात आपल्या टोपीनें विझविली, अशी प्रसिद्धि आहे. त्याला दास्यांतून मुक्तता मिळाली, सैन्यांत पद मिळालें, आणि नांव मिळालें ग्वोवात्स्की! ‘ग्वोवा’ म्हणजे डोकें, एवढें शब्दकोश सांगेल; पण हें ‘-त्स्की’ एका वेठबिगाराला एका दिवसाच्या धाडसाबद्दल मिळालें, हें तो कोठून सांगणार? कोश्चुश्को स्वतः या विजयानंतर शेतकऱ्याचा साधा अंगरखा घालूं लागला, आणि पुढच्याच महिन्यांत, ७ मे रोजीं, पोवान्येत्सच्या जाहीरनाम्यानें त्यानें शेतकऱ्यांची वेठ कमी केली व त्यांना व्यक्तिस्वातंत्र्य दिलें. ज्यानें स्वतःचा सरदारी पोशाख उतरविला, त्याच्या नांवाच्या ढाली विकणारांना काय म्हणावें?

त्याच्या मृत्युपत्राची कथा तर सर्वांवर ताण करणारी आहे. अमेरिकेंतल्या आपल्या पैशांतून नीग्रो गुलामांना विकत घेऊन मुक्त करावें व शिक्षण द्यावें, असें त्यानें १७९८ सालीं लिहून थॉमस जेफर्सनच्या हवालीं केलें. जेफर्सननें वृद्धपणीं तें काम अंगाबाहेर टाकलें. मग दावे सुरू झाले, आणि १८५२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तें मृत्युपत्र पुढल्या मृत्युपत्रामुळें रद्द झालें असें ठरवून संपत्ति वारसांना दिली. गुलामांना कांहींच मिळालें नाहीं. ते वारस त्याच्या बहिणींचे वंशज होते; त्यांतलें एक मुख्य आडनांव होतें एस्त्को.