आईची मजुरी आणि बाळाचा दुपारचा घास

ग्रामीण कुटुंबात आईची मजुरी बाळाच्या पोषणावर दोन वाटांनी परिणाम करते. घरात पैसा येतो आणि घरातून आईचा वेळ जातो. पैशातून डाळ, अंडी, दूध, तेल आणता येते. ते शिजवून बाळाला भरवायला मात्र कुणीतरी घरी असावे लागते. सहा महिने ते तीन वर्षे हे वय यात सर्वांत नाजूक. बाळाचे पोट लहान असते. नऊ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाबरोबर दिवसातून तीन-चार वेळा घट्टसर वरचे अन्न लागते, आणि आई सकाळी आठला जाऊन संध्याकाळी सहाला परतत असेल तर त्यातल्या निदान दोन वेळा तिच्या माघारीच येतात.

नीरा-भीमेच्या संगमावरचे नरसिंहपूर आणि इंदापूर-बारामतीचा बागायती पट्टा इथे हा प्रश्न स्पष्ट दिसतो. गावातल्या बायका टोळीने कामाला जातात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढची कामे पाठोपाठ येतात. काम उक्ते घेतलेले असेल तर एकीने लवकर घरी जाणे म्हणजे सगळ्या टोळीचा खोळंबा. बाळ आजीजवळ राहते. दुपारी ते रडले की चहात बुडवलेले बिस्किट किंवा पाच रुपयांचा वेफरचा पुडा पुढे येतो. रडे थांबते, भूकही मरते, आणि संध्याकाळी आई वरणभात कालवून बसते तेव्हा बाळ तोंड फिरवते. वजनाच्या तक्त्यावर रेषा आडवी होते आणि कारण म्हणून ‘आई कामाला जाते’ एवढीच नोंद होते. हे निदान अपुरे आहे आणि त्या आईवर अन्याय करणारेही. तिने काम सोडले तर अंडी आणि डाळ आधी बंद होतील. आठवड्याची मजुरी तिच्या स्वतःच्या हाती पडते तेव्हा बाजारच्या पिशवीत बाळासाठी काहीतरी येतेच.

ऊसतोडीत हा फायदाही उरत नाही. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर भागातून टोळ्या भवानीनगर, बिजवडी, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या कारखान्यांकडे येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल हंगामापूर्वीच मुकादमाकडून, बहुधा नवऱ्याच्या नावावर घेतलेली असते आणि टनावारी फेडायची असते. बाई दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पण रोजचा पैसा तिच्या हाती येत नाही. कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, पहाटे भाकरी-कालवण होते, तेच उसाच्या फडात नेले जाते. बाळासाठी मऊ काही शिजवायला चूल पुन्हा पेटत नाही. बाळ बांधावर, आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. नाव मूळ गावच्या अंगणवाडीत असते. इथल्या सेविकेने कोपीवर जाऊन नोंद घेतली नाही तर हंगामभर ते बाळ कुणाच्याच यादीत नसते.

वर्धा आणि ओडिशातील कोरापुट या जिल्ह्यांत झालेल्या अभ्यासातही हंगामाच्या ऐन भरात स्त्रियांचे श्रम वाढून स्वयंपाक आणि संगोपनाचा वेळ आक्रसतो, असेच आढळले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार दहांत एकालाही मिळत नव्हता.

कायद्याने या वेळेची दखल घेतली, पण ती फडापर्यंत पोचली नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांच्यासाठी एक बाई नेमण्याची तरतूद केली. खासगी बागेतल्या टोळीला आणि कोयत्याला दोन्हींचा उपयोग नाही. अंगणवाडीतला गरम आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळतो. त्याखालच्यांचा ५०० किलोकॅलरींचा टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, पाकिटातून जातो. भरवणारा हात ज्या वयाला सर्वांत जास्त लागतो, त्याच वयाला पाकीट मिळते.

म्हणून वजन घेताना सेविकेने आणि आरोग्य कर्मचाऱ्याने ‘बाळाला दुपारी कोण भरवते?’ हे विचारून तक्त्यावर लिहावे. समुपदेशन त्या व्यक्तीचे व्हावे, मग ती आजी असो वा बहीण. टीएचआर घट्ट कसा शिजवायचा, उकडलेले अंडे कुस्करून कसे द्यायचे, हे तिच्या हातून करवून घ्यावे. गृहभेट संध्याकाळी ठेवावी, कारण दुपारी कोपीला कुलूपही नसते आणि माणूसही नसते. हंगाम सुरू होताच कोप्यांवर दंडघेराची पट्टी फिरली पाहिजे. ११.५ सेंटिमीटरखाली घेर भरलेल्या बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचे तर आईला सुमारे दोन आठवडे मुक्काम करावा लागतो आणि तेवढे दिवस कोयता अडतो. नकार बहुतेक वेळा तिथेच येतो. त्यामुळे भरतीच्या चिठ्ठीबरोबरच बुडीत मजुरीचे कागद त्याच दिवशी भरून घ्यावेत आणि मुकादमाशी बोलणेही त्याच दिवशी व्हावे.