पासपोर्टची खिडकी जिल्ह्यात, अधिकार मात्र पुण्यातच

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला पासपोर्ट काढायचा तर पूर्वी रात्रीची एसटी पकडून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरील पुणे गाठावे लागे. सोलापूरकरांची वाट त्याहूनही लांबची. शाळेच्या दाखल्यातील नाव आणि अर्जातील नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला, की तीच वारी पुन्हा. शुल्क दीड हजार रुपये. पण प्रवास, बुडालेला रोजगार आणि एजंटाची दक्षिणा धरता खर्च कितीतरी वाढे.

पुढे पासपोर्ट सेवा प्रकल्पाची आखणी झाली. त्यातून देशभरात प्रथम ७७ केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्रातील केंद्रे मुंबई, ठाणे, नाशिक, पुणे आणि नागपूर या शहरांपुरतीच होती. हे चित्र बदलण्यास २०१७ साल उजाडावे लागले. परराष्ट्र मंत्रालय आणि टपाल खाते यांनी त्या वर्षी जानेवारीत म्हैसूर व दाहोद येथील टपाल कार्यालयांत पहिला प्रयोग केला. कोणाही नागरिकाला पासपोर्टसाठी ५० किलोमीटरपलीकडे जावे लागू नये, असे उद्दिष्ट तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जाहीर केले. आज अशी ४४० हून अधिक टपाल केंद्रे देशात आहेत. कोल्हापूरचे केंद्र त्यांतलेच. नव्या इमारतींचा सोस न धरता टपाल खात्याची जागा वापरण्याचा निर्णय शहाणपणाचा होता, हे मान्य करावे लागेल.

तथापि, जिल्ह्यात आली ती खिडकी, अधिकार नव्हे. टपाल केंद्रात कागदपत्रे तपासली जातात, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. पोलीस पडताळणीही स्थानिक ठाण्यातून होते. पासपोर्टची छपाई आणि वादग्रस्त प्रकरणांचा निकाल मात्र प्रादेशिक कार्यालयाच्या हाती राहतो. सरळ अर्जाला त्याची झळ बसत नाही. जन्मतारखेतील विसंगती, विवाहानंतर बदललेले नाव, जुना हरवलेला पासपोर्ट अशी गुंतागुंत निघाली, की अर्जदाराला पुण्याची पायरी चढावी लागण्याची शक्यता असतेच. आणि कागदपत्रांतील असे घोळ ग्रामीण भागातच अधिक आढळतात, हे जुन्या शाळांची दप्तरे पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे! म्हणजे ज्याला जवळच्या कार्यालयाची गरज सर्वाधिक, त्याचाच प्रवास पूर्णतः टळलेला नाही.

जून २०१८ पासून देशातील कोणत्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली. पुण्यात शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या तरुणांची त्यामुळे सोय झाली. गावीच राहणाऱ्या अर्जदाराला तिचा उपयोग मर्यादित. त्याच्यासाठी प्रादेशिक कार्यालयातील निर्णयाधिकाऱ्याने ठरावीक दिवशी जिल्ह्याच्या टपाल केंद्रात बसून अडलेली प्रकरणे तेथेच निकाली काढणे अधिक उपयोगी ठरेल. त्यासाठी नवी जागा लागत नाही, संगणकाचे जाळेही पोहोचलेले आहे. प्रश्न उरतो तो मनुष्यबळाचा आणि अधिकार वाटून देण्याच्या तयारीचा. छापून तयार झालेला पासपोर्ट स्पीड पोस्टाने चंदगडच्या घरापर्यंत पोहोचतो. अडलेल्या फायलीसाठी मात्र चंदगडकरालाच पुणे गाठावे लागते.