घरी पोहोचण्याची घाई

पावसाळ्यात शहर बुडाले की नाल्यांच्या सफाईवर वादंग माजतो, आणि तो माजायलाच हवा. परंतु पुरात माणसे नेमकी कशी मरतात, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. पाण्याने घरात शिरून गाठलेले अभागी जीव असतातच. पण कित्येकांचा बळी जातो तो ते स्वतः पाण्यात उतरल्यामुळे, आणि उतरण्याचे कारण बहुधा एकच असते: कसेही करून घर गाठायचे.

२६ जुलै २००५ चा दिवस आठवावा. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्याला त्या दिवशी ७५ मिलिमीटरदेखील नोंदला गेला नाही. दक्षिण मुंबईतील कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांवरील संकटाची कल्पना येणे कठीण होते. दुपारी कचेऱ्या सुटल्या आणि असंख्य माणसे कोरड्या भागातून बुडत्या भागाकडे निघाली. काही जण तर रस्त्यावर अडकलेल्या बंद मोटारींतच गुदमरून मेले. २९ ऑगस्ट २०१७ रोजी एक अनुभवी डॉक्टर मोटार सोडून पायी घराकडे निघाले आणि पाण्याखाली दडलेल्या उघड्या मॅनहोलने त्यांचा घास घेतला. शिक्षण वा बुद्धी येथे कामास येत नाही, कारण गढूळ पाण्याखालचा रस्ता कोणालाच दिसत नाही.

याउलट २६ जुलै २०१९ च्या रात्रीचा प्रसंग पाहावा. कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीतून उतरू नका, असे प्रवाशांना बजावण्यात आले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक लोक यांच्या मदतीने सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर पडले. असे दल २००५ च्या जुलैत अस्तित्वातच नव्हते, हे खरे. परंतु प्रवासी अंधारात विखुरले असते, तर बोटी घेऊन आलेल्यांनी तरी कोणाकोणाला शोधले असते?

मात्र ‘थांबा’ एवढा उपदेश पुरेसा नाही. डोंगरउतारावर वा नाल्याकाठी राहणाऱ्याला थांबणे हाच धोका असतो. २००५ मध्ये साकीनाक्याची दरड घरांवरच कोसळली. अशा वस्त्या पावसाआधीच हलविण्याचे कर्तव्य शासनाचेच आहे. आणि ज्याला सुरक्षित इमारतीत थांबता येते, त्यालाही थांबण्याची सोय व मुभा हवी. पाळणाघरात मूल असलेली कारकून स्त्री केवळ सूचनाफलक वाचून कशी थांबेल? मूल सुरक्षित आहे, हे तिला कळले पाहिजे.

म्हणून प्रत्येक कचेरीने आणि शाळेने पावसाळ्यापूर्वीच काही गोष्टी ठरवाव्यात. सुट्टी द्यायची तर ती सकाळीच, रस्ते कोरडे असताना द्यावी. भर पावसात व भरतीच्या वेळी माणसे बाहेर लोटू नयेत. मुक्काम पडल्यास पिण्याचे पाणी, खाण्याचे चार जिन्नस आणि घरी निरोप धाडण्याची व्यवस्था असावी. पालक स्वतः सुखरूप येऊ शकेपर्यंत मुले शाळेतच ठेवावीत. वाहते पाणी गुडघ्याच्या खाली असले तरी माणसाला पाडते, दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते, आणि विजेच्या खांबाजवळचे पाणी जीव घेऊ शकते. एवढे ज्ञान शिक्षकांनी एका तासात देता येते.

छातीभर पाण्यातून घर गाठणाऱ्याचे आपण कौतुक करतो, त्याला शहराची जिद्द म्हणतो. ज्यांनी त्या रात्री अनोळखी वाटसरूंना दार उघडले, चहा-बिस्किटे दिली, त्यांची जिद्द निःसंशय वंदनीय आहे. परंतु तिच्या भरवशावर दरवर्षी माणसे पाण्यात सोडणे हा बेजबाबदारपणा होय. घरी एक रात्र उशिरा पोहोचलेला माणूस पोहोचलेला असतो, हे कचेरीच्या प्रमुखाने ओळखावे, आणि घरच्यांनीही.