म्होरक्या धिप्पाडच हवा का?

नवी भूमी शोधायला निघालेल्या टोळीचा म्होरक्या म्हटला की कथाकारांना बहुधा सगळ्यांत दणकट गडी लागतो. रिचर्ड ॲडम्स यांनी १९७२ साली ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीत हा हिशेब मोडला, तोही सशांच्या गोष्टीत. घरबांधणीमुळे उजाड होणार असलेल्या वसाहतीतून मोजक्या सशांना बाहेर काढणारा हेझेल अंगापिंडाने बेताचाच. ताकद बिगविगकडे, अक्कल ब्लॅकबेरीकडे आणि येणाऱ्या संकटाची चाहूल हेझेलच्या किडकिडीत भावाला, फायव्हरला. नदीकाठी कुत्रा मागावर असताना दमलेल्यांना मागे टाकायला हेझेल तयार होत नाही. फळीवर बसवून त्यांना पलीकडे नेण्याची युक्ती ब्लॅकबेरीची. हेझेलला ती धड कळतही नाही, पण तो ती अमलात आणू देतो. माझ्या मते पुढारपण म्हणतात ते हेच: आपल्याला न समजणाऱ्या शहाणपणालाही वाट करून देणं. जुन्या वसाहतीच्या प्रमुखाने फायव्हरचा इशारा कानाआड केला आणि पुढे बिळांत विषारी वायू सोडला गेला तेव्हा मागे राहिलेले बहुतेक मेले.

यावर कुणी म्हणेल की शेवटी नवी वसाहत वाचते ती बिगविगच्या पंजांमुळे. लढला तो खराच. पण वसाहतीवर चालून आलेल्या, एफ्राफा या दुसऱ्या वसाहतीच्या जनरल वूंडवर्टशी झुंजताना तो सांगतो की आपल्या प्रमुखाने ही वाट राखायला सांगितली आहे, आणि वूंडवर्ट हबकतो. त्याच्या समजुतीप्रमाणे असा प्रमुख बिगविगहून थोराड असायला हवा. त्याच वूंडवर्टपुढे लंगडत जाऊन हेझेलने हल्ल्याआधी दोन्ही कळपांची मिळून नवी वसाहत करण्याचा प्रस्ताव ठेवला होता. तो लंगडेपणाही त्याच्याच हौसेचं फळ: फायव्हरने बजावलेलं असताना बढाईखातर शेतावर धाड घातली आणि पायात गोळी खाल्ली. ऐकणाऱ्यालाही कधीतरी न ऐकण्याचा मोह होतो, हे ॲडम्स लपवत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. नव्या वसाहतीच्या टेकडीवर पोचलेले सगळे नर, मग माद्या आणायच्या त्या पिल्लांसाठी! हा हिशेब कोरडा आहे आणि तो लेखकाचा दोषच मानायला हवा. तरीही हायझेन्थ्ले ही मादी आणि तिच्या सोबतिणींनी वूंडवर्टच्या गर्दीने कोंदलेल्या एफ्राफातून बाहेर पडण्याची परवानगी आधीच मागितली होती, आणि ती नाकारली गेली होती. मला हेझेल पटतो, पण हायझेन्थ्लेच्या नजरेतून लिहिलेली कादंबरी ॲडम्स यांनी आपल्याला द्यायला हवी होती.