विश्लेषण : विक्रमवीराने तिशीत मैदान सोडले, म्हणून बोनस परत मागायचा का?

८ मार्च २०१६. अमेरिकन फुटबॉलमधील डेट्रॉईट लायन्स संघाचा कॅल्विन जॉन्सन निवृत्त झाला. ना पत्रकार परिषद, ना निरोपाचा सामना. एक निवेदन, बस्स. वय अवघे ३० आणि करार संपायला आणखी चार वर्षे बाकी. संघाने मात्र त्याच्याकडून बोनसचा काही भाग परत घेतला आणि पुढची अनेक वर्षे दोघांत अबोला राहिला. संघ नियमाने बरोबर होता. पण शहाणपणाने वागला का?

वाइड रिसीव्हर नेमके काय करतो?

हा खेळाडू मैदानाच्या कडेला उभा राहतो. चेंडू खेळात येताच ठरलेल्या वाटेने धावतो, प्रतिस्पर्ध्याला चकवतो आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलतो. झेल घेताना हात वर, नजर चेंडूवर आणि बरगड्या उघड्या. नेमक्या त्याच क्षणी समोरचा खेळाडू पूर्ण वेगाने येऊन आदळतो. टाळ्या झेलाला मिळतात, मार शरीर खाते.

जॉन्सन इतका मोठा का?

जॉर्जिया टेक विद्यापीठातून आलेल्या जॉन्सनला लायन्सने २००७च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडले. उंची सहा फूट पाच इंच, त्यावर धावपटूचा वेग. सहकाऱ्यांनी नाव ठेवले ‘मेगाट्रॉन’. २०१२च्या मोसमात त्याने झेलांच्या जोरावर १,९६४ यार्ड मिळवले आणि जेरी राइसचा १९९५ मधला १,८४८ यार्डांचा विक्रम मोडला. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर जवळपास ८९ खेळपट्ट्यांएवढे अंतर. २०२१ मध्ये कूपर कप १,९४७ यार्डांपर्यंत पोहोचला, तोही १७ सामन्यांत. जॉन्सन १६ सामनेच खेळला होता.

ऑक्टोबर २०१३ मध्ये डॅलस काउबॉइजविरुद्ध एकाच सामन्यात त्याने ३२९ यार्ड काढले. कारकिर्दीचा हिशेब असा : १३५ सामने, ७३१ झेल, ११,६१९ यार्ड आणि ८३ टचडाउन.

मग संघाने काय मिळवले?

आता दुसरी बाजू पाहा. या नऊ मोसमांत लायन्सने साखळीत ५४ सामने जिंकले आणि ९० गमावले. २००८ मध्ये तर १६ पैकी १६ हरले. त्या वर्षीही जॉन्सनने १२ टचडाउन केले होते. विक्रमाच्या २०१२ मध्ये संघाचे विजय चारच. बाद फेरीचे दोन सामने त्याच्या वाट्याला आले, दोन्ही हरले. पैकी पहिल्यात त्याने २११ यार्ड काढले होते. म्हणजे त्याच्याकडून जे होणे शक्य होते, ते तो करत होता. बोटे आणि घोटे दुखावत होते. मेंदूला बसलेल्या हादऱ्यांबद्दलही तो नंतरच्या मुलाखतींत मोकळेपणाने बोलला.

बोनस परत घेण्याचा नियम काय?

२०१२ मध्ये त्याने आठ वर्षांचा, कमाल १३ कोटी २० लाख डॉलरपर्यंतचा करार केला. करारावर सही करताना मिळणारा बोनस लगेच हातात पडतो, पण हिशेबात तो काही वर्षांवर विभागला जातो. खेळाडू मध्येच निवृत्त झाला, तर उरलेल्या वर्षांच्या वाट्याची रक्कम संघ परत मागू शकतो. जॉन्सनने किमान १० लाख डॉलर परत केल्याचे वृत्त होते. पुढच्या वर्षांच्या वेतनावर त्याने पाणी सोडले ते वेगळेच.

संघाची बाजूही समजून घ्यायला हवी. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला मर्यादा असते. निवृत्त खेळाडूच्या बोनसचा उरलेला भार त्या मर्यादेतच मोजला जातो. परत आलेला पैसा नव्या खेळाडूंसाठी कामी येतो. पण हाच करार उलट्या बाजूने वाचून पाहा. संघाला खेळाडू नकोसा झाला, तर तो त्याला काढू शकतो. मग खेळाडूला मिळालेला बोनस त्याच्याकडे राहतो, पण हमी नसलेले पुढचे वेतन एका सहीत नाहीसे होते. संघ थांबला तर तो व्यवहार, खेळाडू थांबला तर वसुली. इथेच तराजू एका बाजूला झुकतो.

दुसरा मार्ग होता का?

होता. ऑगस्ट २०१९ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक दुखापतींना कंटाळून २९व्या वर्षी निवृत्त झाला. संघ त्याच्याकडून सुमारे २ कोटी ४८ लाख डॉलर परत मागू शकत होता. संघाने मागितले नाहीत. नियम तोच, मालकाची दृष्टी वेगळी. उलट लायन्सने १९९९ मध्ये बॅरी सँडर्स निवृत्त झाल्यावरही बोनससाठी भांडण केले होते. एकाच संघाचे दोन महान खेळाडू असे दुखावून जातात, तेव्हा दोष फक्त कराराला देता येत नाही.

नियम दगडावरची रेघ नसतो, हेही जॉन्सनमुळेच दिसले. सप्टेंबर २०१० मध्ये शिकागो बेअर्सविरुद्ध शेवटच्या मिनिटात त्याने विजयी वाटणारा झेल घेतला. पण उठताना चेंडू हातातून सुटला. ‘झेलाची प्रक्रिया पूर्ण झाली नाही’ म्हणत पंचांनी तो नाकारला. निर्णय नियमाला धरून होता, तरी बघणाऱ्या प्रत्येकाला तो झेलच वाटला. हा नियम ‘कॅल्विन जॉन्सन नियम’ म्हणूनच ओळखला गेला आणि अखेर २०१८ मध्ये लीगने तो बदलला.

बोनसचा नियमही बदलता येईल. ठरावीक मोसम खेळलेल्या, शरीर झिजलेल्या खेळाडूकडून वसुली नको, एवढे कलम पुरेसे आहे. मधल्या काळात जॉन्सन २०२१ मध्ये पहिल्याच फेरीत ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये लायन्सने त्याला फोर्ड फील्डवर बोलावून गौरवले. दुरावा मिटला, हे चांगलेच झाले. पण जो सन्मान निवृत्तीच्या दिवशी द्यायचा, त्याला साडेआठ वर्षे लागली. नऊ मोसमांत ५४ विजय देणाऱ्या संघाने ११,६१९ यार्ड देणाऱ्या खेळाडूला ‘तू कमी दिलेस’ म्हणणे, हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही.